एकेचाळीस घरांची नोंद

कासुर्डीच्या कॅनॉलपलीकडं जी वस्ती आहे, तिथं तेजश्रीला तिच्या नावानं फार थोडे लोक ओळखत. ती आशाताईंची पोरगी. तिची आई म्हाळसा बारा वर्षं वस्तीवर आशाताईचं काम करत होती. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या बाळाचा डोस चुकलाय, कुणाला टीबीच्या गोळ्या चालू आहेत, हे सगळं म्हाळसाला माहीत असे आणि तिच्या वहीत लिहिलेलं असे. वडील ज्योतिबा यांनी तेजश्री तिसरीत असताना शेवटची मेंढरं विकली आणि दीड एकराच्या तुकड्यात मन रमवलं. मेंढरांबरोबर त्यांचं बोलणंही गेलं असं म्हाळसा म्हणायची. घरात बोलणारी माणसं दोनच, आई आणि लेक.

बायका म्हाळसाला ओट्यावर बसवत नसत, आत चुलीपाशी नेत. नवऱ्यालाही न सांगितलेलं तिला सांगत. घरी आल्यावर ती त्यातलं अक्षर बोलायची नाही. जेवताना तेजश्रीनं कधी विचारलंच, की अमकीच्या घरी आज एवढा वेळ का बसली होतीस, तर ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, "बसले हुते आपली. तू जेव."

तेजश्री कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. वस्तीवरची पहिलीच. तिच्या वर्षाला कॉलेजात कंपन्या आल्या थोड्या आणि त्यांनी पोरं घेतली त्याहून थोडी. वर्षभर घरी बसून अर्ज करून झाल्यावर ती शिक्रापूरला एका कारखान्यात लागली, ट्रेनी म्हणून. गाडीच्या डॅशबोर्डचे प्लास्टिकचे भाग पट्ट्यावरून येत, त्यावर चरा, फुगा, डाग आहे का ते बघायचं आणि खराब माल लाल पेटीत टाकायचा. नांदेडकडची माया तिच्याशेजारी उभी राहायची. दोघींनी मिळून हायवेलगत एक खोली घेतली होती. दिवसभर ट्रक जात आणि खिडकीची काच थरथरत राही. पहिली पाळी अडीचला सुटली की माया झोपायची आणि तेजश्री कॉलेजातला जुना लॅपटॉप उघडून बसायची.

ती पोर्टफोलिओ बनवत होती. म्हणजे आपण काय काय बनवलंय ते दाखवणारी स्वतःची वेबसाइट. अर्जात तिचा पत्ता द्यायचा, कंपनीनं ती उघडायची, काम बघायचं आणि बोलवायचं. यूट्यूबवर जो तो हेच सांगत होता. तेजश्रीनं व्हिडिओ लावून पाच कामं बनवली. कामांची यादी ठेवणारं ॲप, हवामान सांगणारं पान, कॅल्क्युलेटर, बुटांचं एक खोटं दुकान आणि एक खेळ. व्हिडिओतला माणूस जे टाइप करी ते ती टाइप करी, तो थांबला की थांबे. वरती स्वतःचा फोटो, खाली तिला येणाऱ्या भाषांच्या रंगीत पट्ट्या. जावा नव्वद टक्के. पायथन पंच्याऐंशी. हे आकडे कुठून आले असं कुणी तिला विचारलं नव्हतं, आणि तिनंही स्वतःला विचारलं नव्हतं.

साठ-सत्तर अर्जांनंतर खराडीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. तेजश्रीनं रजा टाकली, मायाचा इस्त्रीचा कुर्ता घातला आणि गेली. समोर अनुपमा नावाच्या मॅडम होत्या, चाळिशीच्या, आवाज शांत. त्यांनी तेजश्रीसमोरच तिची वेबसाइट मोठ्या पडद्यावर उघडली.

"जावा नव्वद टक्के," त्या म्हणाल्या. "उरलेल्या दहा टक्क्यांत काय येत नाही तुला?"

मॅडमनी हवामानाचं पान उघडलं. पडद्यावर एक गोल नुसताच फिरत राहिला.

"मागच्या महिन्यात चालत होतं, मॅडम."

"त्यानंतर तू उघडून बघितलं नाहीस?"

मग कामांच्या यादीचं ॲप. ते चाललं. मॅडमनी पान खालपर्यंत सरकवलं. तळाशी बारीक अक्षरात व्हिडिओवाल्या माणसाचं नाव तसंच राहिलं होतं. त्यांनी कोड उघडला, एका ओळीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ही ओळ इथं कशासाठी आहे?"

ती ओळ तेजश्रीनं स्वतःच्या हातानं टाइप केली होती. कशासाठी, ते तिला माहीत नव्हतं. उठून जावं असं तिला वाटलं.

अनुपमा मॅडमनी लॅपटॉप बंद केला. "आज सकाळपासून तू चौथी. चौघांनीही मला हेच ॲप दाखवलं. मला बोलायला तुझं असं त्यात काही सापडत नाही. तुझ्या घरात, गावात कुणाला कशाचा त्रास आहे, ते बघ. त्यातलं एक काम घे. एकच घे, पण पुरं कर, आणि त्यातलं अक्षर न अक्षर तुला समजावून सांगता यायला हवं. सहा महिन्यांनी मला मेल कर. मी उत्तर देईन."

बाहेर येऊन तेजश्री रस्त्याच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. रडू आलं नाही. मॅडम बोलल्या त्यातलं काहीच खोटं नव्हतं, हेच तिला जास्त लागलं. खोलीवर आल्यावर तिनं पाचही कामं काढून टाकली. रंगीत पट्ट्याही काढल्या.

सुट्टीला घरी गेली तेव्हा महिनाअखेर होती. म्हाळसा वही मांडीवर घेऊन बसली होती. एकाच वहीतनं तिला चार वेगळे तक्ते भरायचे असत. गरोदर बायका किती, डोस किती, गोळ्यांवरचे पेशंट किती. पानं मागंपुढं उलटत सकाळची दुपार होई आणि एखादं नाव राहूनच जाई.

"आई, हे मोबाइलवर झालं तर?"

"झालं तर बरंच हाय की. पर मला जमंल का त्ये?"

तेजश्रीला काम सापडलं. पुढचे चार महिने तिनं दुसरं काही केलं नाही. या वेळी व्हिडिओ लावून टाइप केलं नाही. अडेल तिथं वाचायचं, मोडायचं, पुन्हा करायचं. आईच्या बोटाला लागेल असं मोठं बटण, आईला कळेल असा शब्द. म्हाळसानं दोनदा नापास केलं. "ह्ये लई खालीवर करायला लागतंय," म्हणाली. तिसऱ्या खेपेला तिनं स्वतःच्या हातानं सगळी वही मोबाइलमध्ये भरली, बटण दाबलं आणि महिन्याचे चारही तक्ते एका झटक्यात निघाले. म्हाळसा चष्मा वर करून लेकीकडं बघत राहिली. ज्योतिबांना हाक मारून तिनं तो पडदा दाखवला. ते म्हणाले, "बरं हाय," आणि पुन्हा बाहेर गेले. पण ते आत आले आणि बघून गेले, एवढंही तेजश्रीला पुष्कळ वाटलं. त्या दिवसाइतकी सुखी ती नंतर कधी झाली नाही.

आता हे काम वेबसाइटवर मांडायचं होतं. कंपनीच्या माणसाला बटणं दाबून बघता यावं म्हणून ॲपची एक प्रत तिनं इंटरनेटवर ठेवली. पण त्या प्रतीत नोंदी नव्हत्या. उघडलं की रिकामे रकाने. माहिती नसलेलं ॲप दाखवू नका, ते मेल्यासारखं दिसतं, असं तिनं कुठंतरी वाचलं होतं. तिनं खोटी नावं भरायला घेतली. दहा-बारा झाली आणि ती कंटाळली. सगळ्यांची वयं पंचवीस, सगळ्यांचा एकच महिना. बघणाऱ्याला खोटेपणा लगेच दिसला असता. आईच्या मोबाइलमधल्या नोंदींची फाइल तिच्या लॅपटॉपवर होतीच, सांभाळून ठेवायला म्हणून घेतलेली. तीच तिनं आत घातली. एकेचाळीस घरं. फोन नंबर मात्र एक एक करून काढले, आणि आपण काळजी घेतली असं तिला मनापासून वाटलं.

माया मागून बघत होती. "ही खरी माणसं आहेत का गं?"

"आमच्या वस्तीवरची. बदलते नंतर नावं. पत्ता जाणार दोन-तीन कंपन्यांना, कोण बघतंय दुसरं."

नंतर ती नावं बदलायची राहिली. त्याच आठवड्यात तिनं अनुपमा मॅडमना मेल केला आणि दुसऱ्या दिवशी उत्तर आलं.

दुसरी भेट अडीच तास चालली. तेजश्री एका प्रश्नालाही अडली नाही. हे बटण एवढं मोठं का, मोबाइलला रेंज नसेल तेव्हा नोंद कुठं राहते, आधीची रचना का टाकून दिली, सगळं तिनं सांगितलं. मॅडम टेबलावर पुढं वाकून ऐकत होत्या. मध्येच त्यांनी यादीचं पान उघडलं आणि वर-खाली केलं.

"हा डेटा खरा आहे का?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं त्यांनी. तेजश्रीचं तोंड आपोआप बोलून गेलं. "नाही मॅडम. डमी आहे."

"छान बनवलायस," मॅडम म्हणाल्या आणि पुढच्या पानावर गेल्या. निघताना त्यांनी सांगितलं, की आता वरिष्ठांबरोबर एक शेवटची भेट, महिनाभरात कळवतो. खोलीवर पोचल्यावर आज नावं बदलायचीच असं तेजश्रीनं ठरवलं होतं. पण शेवटच्या भेटीपर्यंत कशाला हात लावू नये, काही मोडलं तर, असंही वाटलं, आणि तिनं लॅपटॉप मिटला.

वस्तीच्या वरच्या अंगाला जयसिंग आप्पांचं घर. बागायती, सोसायटीत मान, पंचायतीत शब्द. त्यांची धाकटी पूनम तेजश्रीच्या वर्गातली. यवतच्या शाळेला दोघी एकाच एसटीनं जात. हिवाळ्यात पूनमच्या मानेला गाठ आली आणि ती टीबीची निघाली. गाठीची टीबी दुसऱ्याला लागत नाही, सहा महिने गोळ्या घेतल्या की बरी होते, असं डॉक्टरांनी सांगितलं. तरी घरात चिडीचूप. कारण पूनमचं लग्न ठरलं होतं, शिरूरकडच्या चांगल्या घरात. सुपारी फुटली होती आणि लग्नाच्या आधी गोळ्या संपणार होत्या. म्हाळसा गोळ्या पदराखाली घेऊन जाई, आणि कुणी विचारलं तर पूनमच्या आईचं बीपी बघायला आले म्हणे.

मार्चमधल्या एका सुट्टीला तेजश्री घरी होती. उन्हं चढली होती. जयसिंग आप्पा चालत आले. हा माणूस यांच्या दारात कधी आला नव्हता. म्हाळसानं लगबगीनं खुर्ची पुढं केली. ते बसले नाहीत.

"म्हाळसाबाई, मोडलं लग्न," ते म्हणाले. "काल निरोप आला."

"काय झालं वो आप्पा?"

त्यांनी खिशातनं फोन काढून तिच्या हातात दिला. "नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ कंपनीत हाय. त्यानं पोरीचं नाव गुगलवर टाकून बघितलं. ही सगळीच बघत्यात आता. त्याला ह्ये घावलं."

म्हाळसानं चष्मा लावला. पडद्यावर एक रकाना होता. पूनमचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गाव, वय. पुढं लिहिलं होतं, मानेची गाठ, टीबी, महिना चौथा, गोळ्या घरपोच, घरात गुपित.

ते 'घरात गुपित' म्हाळसाचं होतं. दारात मोठ्यानं बोलायचं नाही याची स्वतःला आठवण राहावी म्हणून ती असं लिहीत असे. तिनं ते वाचलं आणि फोन धरलेला हात खाली गेला.

"आप्पा, ह्ये लिव्हणं माझंच हाय. पर म्या कुणाला दिलं न्हाई. खंडोबाची आण घेते. बारा वरसं झाली, माझ्या तोंडातनं कुणाचं काय गेलं न्हाई."

"मग ह्ये गेलं कुठनं?"

तेजश्री आतल्या दाराला टेकून उभी होती. तिला सगळं कळलं होतं. आई देवाची आण घेत होती आणि ती ऐकत उभी राहिली. आप्पा म्हणाले, "मी आरोग्य केंद्रात विचारनार हाय. तुमच्यावर माझा राग न्हाई, पर विचारनार," आणि वळले. तेजश्री मागच्या दारानं निघाली, गोठ्याच्या आडोशाला गेली आणि मोबाइलवरून साइट बंद करून टाकली. तीनदा पासवर्ड चुकला. मग ती घरात आली आणि आईला सांगितलं.

म्हाळसा आधी समजलीच नाही. तेजश्रीला दोनदा सांगावं लागलं. मग म्हाळसानं विचारलं, "येकटी पूनमच हाय का त्यात?"

"न्हाई. सगळीच. एकेचाळीस घरं."

"सगुणाबाईच्या सुनंचं? ते पोट पाडल्यालं?"

"व्हय."

म्हाळसा खाली बसली. आरडाओरडा नाही, शिवी नाही. तिनं एक एक घर आठवायला सुरुवात केली. त्या घराचं काय लिहिलं होतं, ह्या घराचं काय. प्रत्येकाला तेजश्री "व्हय" म्हणत होती. पाच-सहा घरांनंतर म्हाळसानं विचारणं थांबवलं. "म्या आण घेत हुते तवा तू तिथंच हुतीस," एवढंच ती म्हणाली.

संध्याकाळी म्हाळसानं लेकीला घेतलं आणि आप्पांच्या घराच्या वाटेला लागली. तेजश्रीनं ओसरीवर उभं राहून सगळं सांगितलं. नोकरीसाठी काम दाखवायचं होतं, खोटी नावं भरायचा कंटाळा केला, चूक माझी आहे, आईला माहीत नव्हतं. आप्पा खाली मान घालून ऐकत होते. शिकलेल्या पोरीनं असं कसं केलं, हे त्यांना समजतच नव्हतं, आणि न समजल्यामुळं रागही नीट करता येत नव्हता. आतून पूनम आली. अंगानं वाळली होती. तिनं तेजश्रीकडं सरळ बघितलं.

"तुला काम दाखवायचं हुतं ना," ती म्हणाली. "ते तुझं काम हुतं. त्यात माझं नाव कशाला पायजे हुतं?"

"नव्हतं पायजे," तेजश्री म्हणाली.

"मग?"

पूनम आत गेली. मुलाकडच्यांना आम्ही जाऊन सांगू का, डॉक्टरांचा कागद दाखवू का, असं म्हाळसानं विचारलं. आप्पांनी मान हलवली. "रोगाचं न्हाई म्हनत ती मानसं. लपवलं म्हनत्यात."

शिक्रापूरला परतल्यावर तेजश्रीनं अनुपमा मॅडमना फोन लावला. शेवटची भेट चार दिवसांवर होती. घडलं ते तिनं क्रमानं सांगितलं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला तो कामाचा. "साइट बंद केलीस. इंटरनेटवर जिथं कोड ठेवलायस, तिथून फाइल काढलीस का?"

"काढली, मॅडम."

"नुसती काढून जात नाही. तिथं प्रत्येक जुनी आवृत्ती राहते. कुणीही मागं जाऊन ती फाइल बघू शकतं. तो अख्खा साठाच पुसायला लागेल. आणि गुगलकडं जुनं पान राहिलेलं असेल, त्यांना ते काढायची विनंती करावी लागते. आत्ता लॅपटॉप उघड, मी सांगते."

तासभर त्या फोनवर होत्या. तेजश्री सांगतील तसं करत गेली. जुन्या आवृत्त्यांमध्ये एकेचाळीस घरं खरोखरच तशीच बसलेली होती, पहिल्या दिवसापासून. आणि सर्वांत पहिल्या आवृत्तीत फोन नंबरही होते. ते तिनं काढले होते नंतर, आणि काढले म्हणजे गेले असं धरून चालली होती.

सगळं पुसून झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "शेवटच्या भेटीला यायची गरज नाही, तेजश्री. मी तुझं नाव मागं घेतेय."

"हो, मॅडम."

"चूक झाली म्हणून नाही. चुका आमच्याकडंही होतात, याहून मोठ्या. मी तुला सरळ विचारलं होतं, डेटा खरा आहे का. त्या दिवशी हो म्हणाली असतीस तर तिथंच बसून दोघींनी तो काढला असता. लग्न कधी मोडलं त्या मुलीचं?"

"परवा."

"म्हणजे आपण भेटल्यावर तीन आठवड्यांनी," मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

हा हिशेब तेजश्रीनं आधी केला नव्हता. त्यानंतर तो तिच्या डोक्यातून गेला नाही. कारखान्यात पट्ट्यासमोर उभी असताना ती दिवस मोजत राही, आणि चरे पडलेले भाग तिच्या हातांखालून चांगल्या पेटीत जात. दोनदा सुपरवायझर ओरडला. मग मायाच गपचूप तिच्या पेट्या तपासू लागली.

आरोग्य केंद्रातून म्हाळसाला बोलावणं आलं. लेखी खुलासा घेतला, समज दिली, काम मात्र काढून घेतलं नाही. पण वस्तीवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चुलीपाशी नेणाऱ्या बायका आता दारातच उभ्या राहत. "समदं बरं हाय ताई," म्हणत. सगुणाबाईच्या सुनेनं तर दारही उघडलं नाही, आतूनच बोलली. कुणी भांडलं नाही. भांडल्या असत्या तर म्हाळसाला काही सांगता तरी आलं असतं. तिनं मोबाइलमधलं ॲप काढून टाकलं आणि पुन्हा वही धरली, पण वहीत लिहायला कुणी काही सांगतच नव्हतं. गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडलेला एक माणूस तिला दोन महिन्यांनी दुसऱ्याकडून कळला. त्या वर्षाच्या शेवटी तिनं काम सोडलं. आशाताईंच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक बाई समजवायला आल्या होत्या. म्हाळसा त्यांना म्हणाली, "बाई, मला आता कुणी काय सांगत न्हाई. मंग म्या कशाची आशाताई?"

लेकीला ती कधी घालूनपाडून बोलली नाही. सुट्टीला आली की जेवायला वाढायची, वाटेला लावायला फाट्यापर्यंत यायची. फक्त तेजश्री लॅपटॉप उघडून बसली की ती उठून बाहेर जायची.

दीड वर्षांनी तेजश्रीला नोकरी लागली, खराडीत नाही, शिक्रापुरातच. मालवाहतूक करणाऱ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवणारं एक लहानसं ऑफिस, पाच माणसं. तिथं दाखवायला तिच्याकडं तेच ॲप होतं, पण मुळापासून पुन्हा लिहिलेलं. नावं तिनं स्वतः रचली. प्रत्येक नावाला वेगळं वय, वेगळा महिना, वेगळं दुखणं. त्याला नऊ दिवस लागले. नऊच दिवसांचं काम होतं हे, असं तिला ते करताना रोज वाटत होतं. वेबसाइटवर त्या कामाखाली तिनं एक परिच्छेद लिहिला. पहिल्या वेळी मी यात खऱ्या माणसांची माहिती ठेवली होती, त्यातून एका माणसाचं नुकसान झालं जे मला भरून देता आलं नाही, आणि विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मुलाखतीत मालकांनी तो परिच्छेद वाचला आणि विचारलं, "हे कशाला लिहिलंय? काढून टाका, लोकांवर वाईट छाप पडते." तेजश्रीनं तो काढला नाही. त्यांनीही पुढं आग्रह धरला नाही.

तिच्या ऑफिसात कधीमधी आसपासची नुकतीच पास झालेली मुलं-मुली त्यांची कामं दाखवायला येतात. बहुतेकांकडं तेच असतं, हवामान आणि बुटांचं दुकान. ती त्यांना हसत नाही. बंद पडलेले दुवे दाखवते, दुसऱ्याचं नाव तळाशी राहिलेलं दाखवते, प्रत्येक ओळ कशासाठी ते विचारते. कुणाच्या ॲपमध्ये माणसांची नावं दिसली की तिचा आवाज बदलतो, असं तिच्या शेजारी बसणारा सुदर्शन सांगतो. कारण त्याला माहीत नाही.

मागच्या डिसेंबरात ती दवाखान्याच्या कामासाठी म्हाळसाला घेऊन पुण्याला निघाली होती. यवत स्टेशनावर दौंडकडून येणाऱ्या शटलची वाट बघत दोघी बसल्या होत्या. म्हाळसा पाण्याची बाटली भरायला नळाकडं गेली. तेवढ्यात तेजश्रीला पलीकडच्या बाकावर पूनम दिसली. एकटीच होती, मांडीवर शिवणकामाच्या कापडाची पिशवी. तिचं लग्न अजून झालेलं नव्हतं. नंतर दोन स्थळं आली आणि परत गेली, एवढं तेजश्रीच्या कानावर होतं. मानेला आता गाठ नव्हती.

तेजश्री उठून तिच्यासमोर गेली. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"बरी हायस का पूनम?"

पूनमनं वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही फारशी नव्हती.

"बरी हाय," ती म्हणाली. मग पिशवीचे बंद हाताला गुंडाळत म्हणाली, "पण ह्ये कुठं लिहू नको."

शटल आली. पूनम बायकांच्या डब्याकडं गेली. म्हाळसा बाटली घेऊन घाईघाईनं आली आणि त्याच डब्याकडं वळली, तेव्हा तेजश्रीनं तिचा हात धरला आणि तिला मागच्या डब्यात नेलं. आईनं का म्हणून विचारलं नाही. आत गर्दी होती. दोघी दोन स्टेशनं दाराजवळ उभ्या राहिल्या, मग एकीला बसायला जागा मिळाली आणि तेजश्रीनं आईला बसवलं.